न मावळणारा सूर्य आणि झोपेचे घड्याळ

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमधील एका शाळेत पृथ्वीच्या कललेल्या आसाचा प्रयोग दाखविण्यासाठी आम्ही गेलो होतो. प्रयोग नेहमीचाच. खिडक्यांना चादरी लावून वर्ग अंधारा करायचा, टेबलावर मधोमध दिवा ठेवायचा आणि पृथ्वीचा गोल हातात घेऊन दिव्याभोवती फिरायचे. फिरताना आसाचा कल मात्र बदलू द्यायचा नाही. गोल एका बाजूला आला की कितीही गिरक्या दिल्या तरी उत्तर ध्रुवाजवळचा भाग उजेडातच राहतो. समोरच्या बाजूला गेला की तोच भाग अंधारात बुडतो. ‘सहा महिने दिवस, सहा महिने रात्र’ हे पाठ केलेले वाक्य आठवीच्या मुलांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “बाई, मग तिथली माणसं झोपतात कधी?” वर्ग हसला. बाईंनी उत्तर दिले, “घड्याळ बघून.” मुलगी मात्र खाली बसली नाही. म्हणाली, “घड्याळ बघून आडवे होतील. पण झोप लागते का?”

हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे त्या मुलीने अचूक हेरले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली, आणि ते शोधताना त्यांना गुहेत, तळघरात आणि बर्फाळ बेटावर जाऊन राहावे लागले. त्या शोधाची हकीकत येथे सांगावी असे आम्ही योजले आहे.

सव्वादोन तासांचा फरक

उल्हासनगर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. वर्षभरात फरक पडतो तो सव्वादोन तासांचा. आपण तो फारसा मनावर घेत नाही. सकाळच्या शाळेला निघताना जानेवारीत अंधार असतो, मे महिन्यात लख्ख उजाडलेले असते, एवढेच आपल्या ध्यानात येते.

आता नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर घ्या. ते जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुववृत्ताच्या पलीकडे आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. हे शिकाऱ्यांचे चार झोपड्यांचे गाव नव्हे. तेथे विद्यापीठ आहे, इस्पितळ आहे, शाळा आहेत. बाहेर रात्री बारा वाजता ऊन असो की सकाळी नऊला काळोख असो, मुलांना वेळेवर शाळेत जावेच लागते.

विद्यार्थ्यांच्या मनातला एक गैरसमज येथेच दूर करावा. ‘सहा महिने रात्र’ ही फक्त ध्रुवबिंदूची गोष्ट आहे, आणि तेथेही सहा महिने गडद काळोख नसतो. सूर्य क्षितिजाच्या थोडा खाली असताना संधिप्रकाश पसरतो. ध्रुवावर हा संधिप्रकाश एकेका वेळी सुमारे सात आठवडे टिकतो. गडद काळोख उरतो तो सुमारे अकरा आठवड्यांचा. ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी तर सूर्य न उगवण्याच्या काळातही दुपारी काही वेळ आकाश निळसर उजळते.

तुरुंगातला दिवा आणि बर्फातले जहाज

ध्रुवप्रदेशातील दिवसरात्रीचा विषय निघाला की मराठी माणसाला लोकमान्य टिळकांच्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाची आठवण होतेच. तो १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काही वेचे टिळकांनी सप्टेंबर १८९७ ते सप्टेंबर १८९८ या कारावासात गोळा केले होते. मॅक्समुल्लर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठविली होती, आणि ती वाचण्यासाठी रात्री काही तास दिवा वापरण्याची परवानगी मिळाली होती, असे टिळकांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

ऋग्वेदातील उषेच्या सूक्तांत वर्णिलेली लांबलचक पहाट आपल्याकडच्या तासाभराच्या पहाटेला लागू पडत नाही, असा टिळकांचा मुद्दा. त्यासाठी त्यांनी ध्रुवावर आकाश कसे दिसेल हे खगोलगणिताने मांडले. तारे उगवत-मावळत नाहीत, क्षितिजाला समांतर फिरतात; पहाटेचा उजेड कुंभाराच्या चाकासारखा क्षितिजाभोवती फिरत राहतो; आणि ध्रुव व ध्रुववृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात एक लांब रात्र, एक लांब दिवस आणि उरलेल्या काळात नेहमीसारखे दिवस असा वर्षाचा क्रम लागतो. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हा त्यांचा निष्कर्ष आजचे अभ्यासक मान्य करीत नाहीत. परंतु ज्या प्रदेशात आपण कधी गेलो नाही तेथले आकाश गणिताने कसे उभे करता येते, याचा धडा म्हणून ती प्रकरणे आजही वाचण्याजोगी आहेत.

त्या आकाशाखाली राहणाऱ्या माणसाच्या शरीराचे काय होईल, हा टिळकांचा विषय नव्हता. पण टिळक तुरुंगात होते त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काही माणसे नेमका तोच अनुभव घेत होती. ‘बेल्जिका’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात मार्च १८९८ मध्ये अडकले. दक्षिण गोलार्धात ऋतू आपल्या उलट, त्यामुळे १७ मे रोजी तेथे सूर्य मावळला तो थेट जुलैच्या उत्तरार्धात उगवला. अंटार्क्टिक प्रदेशात सबंध हिवाळा काढणारी ही पहिलीच मोहीम. जहाजावर फ्रेडरिक कुक नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, आणि पुढे दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेले रोआल्ड अमुंडसेनही होते.

कुक यांनी आपल्या सोबत्यांच्या प्रकृतीचे वर्णन करून ठेवले आहे. माणसे फिकट पडली, चिडचिडी झाली, कामात मन लागेना, रात्री झोप येईना आणि दिवसा डोळे मिटू लागले. कुक यांनी दोन उपाय केले. पेंग्विन आणि सील यांचे ताजे मांस खायला लावले आणि आजाऱ्यांना रोज तासभर उघड्या अंगाने शेगडीच्या धगीसमोर बसविले. सूर्याची उणीव विस्तवाने भरून काढावी, ही त्यामागची कल्पना. माणसे सुधारली, याचे श्रेय आजच्या ज्ञानानुसार प्रामुख्याने ताज्या मांसाला द्यावे लागेल, कारण त्यांना ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही झाला होता. विस्तवाचा तांबूस उजेड सूर्याची जागा घेण्याइतका प्रखर नसतो. तरीही उजेडाचा आणि झोपेचा काही संबंध असला पाहिजे, हा कुक यांचा अंदाज बरोबर होता. तो संबंध कोणता, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते.

गुहा, बेट आणि तळघर

खरे तर या कोड्याचा एक धागा फार पूर्वीच हाती आला होता. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप कायम अंधारात ठेवून पाहिले. रोपाची पाने ऊन नसतानाही दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे पान मिटते ते केवळ अंधार पडला म्हणून नव्हे, तर वेळ मोजणारे काहीतरी त्या रोपातच आहे.

माणसातही असे काही आहे का? शिकागो विद्यापीठातील नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९३८ साली आपले विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन यांना बरोबर घेऊन केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत ३२ दिवस मुक्काम केला. तेथे ना ऊन पोहोचते, ना तापमान बदलते. दोघांनी २८ तासांचा दिवस पाळला. रिचर्डसन यांच्या शरीराचे तापमान हळूहळू त्या लयीत चढू-उतरू लागले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचे शरीर मात्र २४ तासांना चिकटून राहिले. पुढे ध्रुववृत्तापलीकडच्या उन्हाळ्यात लोक कसे झोपतात याच्या नोंदी घेण्यासाठीही ते गेले.

यानंतरचा प्रयोग मुलांना सांगण्याजोगा आहे. १९५० च्या दशकात पी. आर. लुईस आणि मेरी लोबन या ब्रिटिश संशोधकांनी स्पिट्सबर्गेन हे उत्तर ध्रुवप्रदेशातील बेट निवडले. उन्हाळ्यात तेथे सूर्य चोवीस तास डोक्यावर असतो, त्यामुळे उजेडावरून वेळ ओळखणे अवघड. स्वयंसेवकांच्या मनगटी घड्याळांच्या यंत्रात फेरफार करून काहींचा ‘दिवस’ २१ तासांत पूर्ण होईल, तर काहींचा २७ तासांत, अशी व्यवस्था केली. (एक गणित वर्गात घालता येईल. सहा आठवड्यांत २१ तासांचे दिवस किती बसतील? उत्तर ४८.) माणसे त्या घड्याळाप्रमाणे जेवली, काम करू लागली आणि झोपूही लागली. परंतु त्यांच्या लघवीची तपासणी केली तेव्हा निराळेच दिसले. मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडण्याचे प्रमाण बहुतेकांत अजूनही सुमारे २४ तासांच्या लयीतच कमी-जास्त होत होते. मनगटावरचे घड्याळ बदलले, पोटातले बदलले नाही.

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्धा उलगडा येथे होतो. घड्याळ बघून माणूस आडवा होऊ शकतो, पण शरीराच्या आत आणखी एक घड्याळ चालू असते. त्याची रात्र झाली नसेल तर झोप लागत नाही, आणि लागली तरी मोडते.

हे आतले घड्याळ नेमके किती तासांचे, हे पाहण्यासाठी जर्मनीत म्युनिकजवळच्या आंडेक्स येथे युर्गेन आशॉफ आणि ऱ्युटगर वेव्हर यांनी १९६० च्या दशकात जमिनीखाली खोल्या बांधल्या. खिडकी नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही. आपल्याकडेही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एकांत-कक्षात स्वयंसेवकांना ठेवून प्रयोग केले. अशा ठिकाणी माणूस आपल्या लयीने झोपतो नि उठतो, आणि ती लय बहुतेकांत २४ तासांहून थोडी जास्त भरते. आंडेक्सच्या प्रयोगांत ती सुमारे २५ तासांची भरली. पण तेथे स्वयंसेवक हवा तेव्हा दिवा लावू शकत आणि त्या दिव्यानेच घड्याळ मागे पडे. ही त्रुटी टाळून अमेरिकेत चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सरासरी २४ तास ११ मिनिटे भरली.

अकरा मिनिटे म्हणजे क्षुल्लक वाटतील. पण रोज अकरा मिनिटे मागे पडणारे घड्याळ लावलेच नाही, तर साठ दिवसांत ते अकरा तास मागे पडेल. म्हणजे मध्यरात्री शरीराला दुपार वाटेल. आपल्याकडे असे होत नाही, कारण सकाळचे ऊन आपले घड्याळ रोज बरोबर लावून देते. साठ दिवस सकाळच झाली नाही तर काय, हाच ध्रुवीय रात्रीचा प्रश्न आहे.

डोळ्यातील तिसरा पहारेकरी

हे घड्याळ आहे कोठे? डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर काही हजार पेशींची एक जोडगोळी असते. ती नष्ट केल्यास उंदराच्या जागण्या-झोपण्याची लय बिघडते, हे १९७२ साली दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले. रात्र झाली, असा निरोप ही जोडगोळी पीनियल ग्रंथीला देते आणि ती ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागते.

प्रखर उजेडाने माणसातील हे मेलॅटोनिन दाबले जाते, असे आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दाखविले. त्यांना २५०० लक्स इतका उजेड वापरावा लागला. तुलनेसाठी सांगायचे तर भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास आणि घरातल्या दिव्याखाली शंभर ते तीनशे. आपला डोळा या फरकाला चटकन सरावतो, म्हणून तो जाणवत नाही. पुढच्या प्रयोगांत असे आढळले, की संध्याकाळभर घरचा साधा दिवा डोळ्यांसमोर असला तरी घड्याळ काही प्रमाणात मागे सरकते.

शेवटचा दुवा २००२ साली मिळाला. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी शंकू आणि दंड अशा दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात, हे आपण शिकवितो. याखेरीज तिसऱ्या प्रकारच्या पेशीही असतात. त्यांत मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असते आणि निळ्या उजेडाला त्या विशेष प्रतिसाद देतात. त्या चित्र दाखवीत नाहीत. उजेड आहे की नाही, किती आहे, एवढाच निरोप घड्याळाला पोहोचवितात. म्हणूनच दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींचेही घड्याळ उजेडावर बरोबर चालते.

या निरोपाचा परिणाम वेळेवर अवलंबून असतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवितो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड घड्याळ मागे सरकवितो, म्हणजे झोप उशिरा येते. आता ट्रॉम्सोकडे पुन्हा पाहा. उन्हाळ्यात रात्री अकरालाही ऊन डोळ्यांवर येते, म्हणून झोप लांबते. हिवाळ्यात सकाळचा उजेडच मिळत नाही, म्हणूनही झोप लांबते. कारणे उलट, परिणाम एकच. उत्तर नॉर्वेत काळोख्या महिन्यांत रात्री लवकर झोप न लागण्याची तक्रार जुनीच आहे.

गोव्याहून निघालेली माणसे

ही विद्या आपल्या माणसांनाही लागते. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. १९८४ साली बारा भारतीयांनी ‘दक्षिण गंगोत्री’ तळावर पहिला हिवाळा काढला. १९८९ पासून ‘मैत्री’ आणि २०१२ पासून ‘भारती’ हे तळ आहेत. या मोहिमांचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधक भूचुंबकीय नोंदींसाठी मैत्रीवर जात आले आहेत.

मैत्रीवर सूर्य सुमारे दोन महिने उगवत नाही. तेथे हिवाळा काढणाऱ्या काही भारतीय सदस्यांच्या झोपेचा मेंदूच्या विद्युतलेखासह अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात त्यांची गाढ झोप घटली होती आणि मध्येच जाग येणे वाढले होते. इतर देशांच्या तळांवरही असेच अनुभव आहेत. ब्रिटिशांच्या हॅली तळावर १९८० च्या दशकात जोसेफिन आरेंट आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात सदस्यांना सकाळ-संध्याकाळ तासभर प्रखर दिव्यासमोर बसविले, तेव्हा मागे पडलेली मेलॅटोनिनची लय पुढे आली. कुक यांच्या शेगडीच्या जागी आता योग्य प्रखरतेचा, योग्य वेळचा दिवा आला होता.

उत्तरेकडे स्पिट्सबर्गेनवर, म्हणजे लुईस-लोबन यांच्याच बेटावर, २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. ते ७९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य दिसत नाही. पूर्वी भारतीय शास्त्रज्ञ तेथे मुख्यतः उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली आणि तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संशोधकही होते. टिळकांनी गणिताने मांडलेली लांब रात्र पुण्याचा संशोधक आता कामाचा भाग म्हणून अनुभवतो.

अशा ठिकाणी चांगले झोपण्याचे नियम आता बरेच पक्के झाले आहेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, सुटीच्या दिवशीही. उन्हाळ्यात संध्याकाळचे जेवण झाले की जाड पडदे ओढून घ्यायचे आणि झोपण्यापूर्वी दोन तास उजेड मंद ठेवायचा. हिवाळ्यात उठल्याबरोबर अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसायचे आणि दुपारचा संधिप्रकाश असेल तेव्हा बाहेर फिरून यायचे. जेवण, काम, व्यायाम यांच्या वेळा मोडायच्या नाहीत, आणि दुपारनंतर कॉफी टाळायची. थोडक्यात, निसर्ग जी सकाळ नि रात्र देत नाही ती आपण करायची.

पुन्हा कॅम्प नंबर एक

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना बाईंनी सांगितले, की त्या मुलीचे वडील कारखान्यात तिसऱ्या पाळीला जातात. सकाळी घरी येतात आणि खिडकीला गोधडी अडकवून झोपायचा प्रयत्न करतात. मुलीने विचारले होते ध्रुवाजवळच्या माणसांबद्दल, पण तिच्या डोळ्यांसमोर कोण होते ते आम्हाला तेव्हा कळले.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिलेले गाव. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना येथे आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला हे नाव दिले गेले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबट बराकींमध्ये आडव्या भिंती घालून कुटुंबे राहिली. पुढे आसपास कारखाने आले आणि त्यांबरोबर पाळ्या आल्या. रातपाळीचा माणूस झोपायला येतो तेव्हा बाहेर ऊन चढलेले असते, शेजारी भांडी वाजत असतात, आणि वाटेतल्या उन्हाने त्याच्या घड्याळाला नुकताच ‘सकाळ झाली’ असा निरोप दिलेला असतो. ट्रॉम्सोच्या उन्हाळ्यात मध्यरात्री जे घडते तेच येथे सकाळी आठ वाजता घडते. फरक इतकाच, की तेथे सबंध गाव एकाच वेळी पडदे ओढते आणि येथे तो एकटा असतो. ही नुसती गैरसोय नव्हे. शरीराची दैनंदिन लय मोडणारे पाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत मोडते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली जाहीर केले आणि २०१९ साली पुन्हा तपासून कायम ठेवले.

या माणसांना ध्रुवप्रदेशाचे नियमच उपयोगी पडतात. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेडात काम करावे. पायी किंवा गाडीने परतताना गडद चष्मा लावावा. स्वतः वाहन चालवीत असल्यास मात्र नको, कारण आधीच झोप अनावर असते. खोली शक्य तितकी काळोखी नि थंड करावी, आणि झोपेची वेळ रोज तीच ठेवावी. कारखान्यांना एक गोष्ट करता येईल. पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदलाव्यात. आपले घड्याळ २४ तासांहून थोडे लांब असल्याने ते मागे सरकविणे सोपे जाते, पुढे ओढणे कठीण.

वर्गात याच गोष्टीचा दुसरा पदर आहे. पौगंडावस्थेत मुलांचे घड्याळ आपोआप मागे सरकते, त्यामुळे त्यांना रात्री झोप उशिरा येते. त्यात मोबाइलचा उजेड भर घालतो. जानेवारीत मुंबई-ठाणे परिसरात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सातच्या शाळेत येणारी मुले त्यांच्या शरीराच्या दृष्टीने रात्रीच येऊन बसलेली असतात. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. लहान मुलांसाठी तो चांगलाच आहे. पण घड्याळाच्या शास्त्राप्रमाणे ही सवलत आठवी ते दहावीच्या मुलांना अधिक लागू पडते, आणि त्यांचा विचार अजून व्हायचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत, अशी शिफारस २०१४ सालीच केली आहे. तोवर पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी तो किती वाजता झोपला आणि घरी कोण कोणत्या पाळीला जाते, एवढे तरी विचारावे.

यासाठी एक छोटा उपक्रम सुचवितो. विद्यार्थ्यांना सलग चौदा दिवस झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि सकाळी उन्हात घालविलेली मिनिटे लिहून ठेवायला सांगा. दिनदर्शिकेतून त्या दिवसांचा सूर्योदयही टिपायला सांगा. नंतर चौकटीच्या कागदावर आलेख काढा. सुटीच्या दिवशी झोपेची पट्टी किती सरकते ते मुलांना स्वतःच दिसेल. ज्यांच्या घरी रातपाळी आहे त्यांनी हवी असल्यास त्या व्यक्तीचीही पट्टी खाली काढावी. मात्र कोणाचेही नाव फळ्यावर येऊ देऊ नये.

त्या मुलीला आम्ही पुढच्या भेटीत उत्तर दिले. ध्रुवाजवळच्या माणसांना झोप लागते, पण आपोआप नाही. त्यांना रात्र तयार करावी लागते, आणि सबंध गाव त्यांना त्यात मदत करते. ती म्हणाली, गोधडीने खिडकीच्या कडेचा उजेड थांबत नाही. तेव्हा प्रयोगासाठी आणलेला काळा कागद आणि चिकटपट्टी आम्ही तिच्याजवळ दिली, आणि खिडकी मोजून यायला सांगितले.